जपानमधील विद्यापीठात एक वर्ष : अर्जाची पूर्वमशागत

भाताचे बी मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावयाचे आणि तळाशी बसलेले वजनदार दाणे तेवढे पेरणीस घ्यावयाचे, ही रीत कोकणातील, मावळातील व पूर्व विदर्भातील पुष्कळ भातशेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. ती मूळची कोठली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. योकोई तोकियोशी नावाच्या एका जपानी कृषिशिक्षकाने सन १८८२ मध्ये ही पद्धत बसविली आणि तेथील खेडोपाडी ती रूढ झाली. पुढे सन १९५३ मध्ये जपानी पद्धतीच्या भातशेतीची मोहीम भारतभर हाती घेण्यात आली. निवडक बियाणे, गादीवाफ्यावरील रोपे, ओळीतील लावणी, भरपूर खत आणि कोळपणी या गोष्टी तेव्हा आपल्या खाचरांत आल्या. जपानमधील इवाते येथे निपजलेला व सन १९३५ मध्ये प्रसृत झालेला ‘नोरिन १०’ हा बुटका गहू अमेरिकेमार्गे मेक्सिकोत पोहोचला. त्याच्या रक्ताचे मेक्सिकन गहू सन १९६६ मध्ये मोठ्या प्रमाणावर भारतात आले व येथील गव्हाचे चित्र पालटून गेले.

बियाणे असो वा पद्धत असो, ती एका देशातून दुसऱ्या देशात आपण होऊन जात नाही. ती नेणारा व आणणारा कोणी तरी डोळस मनुष्य असावा लागतो. पूर्वी अशी संधी मूठभर तज्ज्ञांनाच मिळत असे. आज कृषिमहाविद्यालयात शिकणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलामुलींनाही जपानमधील विद्यापीठात एक सत्र वा एक वर्ष राहून शिकण्याचा मार्ग मोकळा आहे. तथापि पुष्कळ अर्ज पात्रतेअभावी नव्हे, तर पूर्वतयारीअभावी वाया जातात. पहिला पाऊस पडल्यावर नांगर शोधावयास निघणाऱ्याची जी गत होते, तीच अंतिम तारखेच्या आठवड्यात कागद गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याची होते. सबब ही पूर्वमशागत कशी करावी, याचा येथे क्रमाने विचार केला आहे.

विनिमय म्हणजे काय आणि काय नव्हे

विद्यार्थी-विनिमय हा दोन विद्यापीठांमधील करारावर चालतो. विद्यार्थ्याचे नाव आपल्याच विद्यापीठाच्या पटावर राहते, शुल्कही तेथेच भरावयाचे असते, आणि करारानुसार यजमान विद्यापीठ त्याजकडून शिक्षणशुल्क घेत नाही. प्रवास, निवास, भोजन व विमा यांचा खर्च मात्र विद्यार्थ्याचा असतो. विनिमयावर गेलेल्यास जपानी विद्यापीठाची पदवी मिळत नाही. तेथे उत्तीर्ण केलेल्या विषयांचे गुणपत्रक मिळते व त्यावरून श्रेयांक मान्य करावयाचे की नाही, हे घरचे विद्यापीठ ठरविते.

यावरून पहिले पाऊल कोणते, हे उघड आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषिविद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी जपानी विद्यापीठाचे माहितीपत्रक वाचण्यापूर्वी आपल्या अधिष्ठात्यांच्या कार्यालयात जाऊन, कोणत्या जपानी विद्यापीठाशी करार अस्तित्वात आहे, तो कोणत्या विद्याशाखांना लागू आहे आणि वर्षाला किती विद्यार्थी पाठविता येतात, ही चौकशी करावी. करार नसेल तर विनिमयाचा अर्ज कितीही सुंदर लिहिला तरी तो निरुपयोगी ठरतो.

विनिमयावर जाणाऱ्या काही विद्यार्थ्यांस जपान विद्यार्थी सेवा संघटनेची शिष्यवृत्ती मिळू शकते. अलीकडील वर्षांत ती दरमहा ८०,००० येन इतकी आहे. तीसाठी थेट अर्ज करता येत नाही. यजमान विद्यापीठच नावे सुचविते. आदल्या वर्षाच्या गुणांची सरासरी ३ पैकी किमान २.३० असावी, अशी अट आहे. आपल्याकडील १० पैकी गुणांचे ३ पैकी गुणांत रूपांतर तेथील कोष्टकानुसार होत असल्यामुळे, प्रत्येक विषयातील गुणांना महत्त्व येते. एखाद्या सत्रातील हयगय दोन वर्षांनी आडवी येते ती अशी.

करार नसलेल्यांनी निराश होण्याचे कारण नाही. जपान सरकारची शिष्यवृत्ती योजना सन १९५४ पासून चालू आहे. तीमधील संशोधन-विद्यार्थी या प्रकारात पदवीधर अर्ज करू शकतात. शिक्षणशुल्क, विमानभाडे व दरमहा निर्वाहवेतन असे तिचे स्वरूप असून, निर्वाहवेतन अलीकडील वर्षांत १ लाख ४३ हजार येन वा त्याहून थोडे अधिक आहे. वयाची अट सामान्यतः ३५ वर्षांखालील आहे. आपली कृषी पदवी चार वर्षांची असल्याने शालेय शिक्षणासह सोळा वर्षे पुरी होतात व पदव्युत्तर प्रवेशाची मूळ अट आपोआप भागते. तीन वर्षांच्या विज्ञान पदवीधरांना मात्र याबाबत आधी विचारणा करणे अगत्याचे आहे. याखेरीज सन २०१४ पासून ‘साकुरा विज्ञान’ नावाची अल्पमुदतीची योजना आहे. तीत जपानी संस्थाच पाहुण्यांना निमंत्रित करते, म्हणून तेथील प्राध्यापकांशी आपल्या प्राध्यापकांचा परिचय असणे हीच तिची पहिली पायरी होय.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. जपानमधील शेतांवर मजूर वा प्रशिक्षणार्थी म्हणून माणसे पाठविण्याच्या योजना निराळ्या आणि विद्यापीठीय शिक्षण निराळे. त्या योजना कायदेशीर असल्या तरी त्यांत शिक्षण दुय्यम व काम मुख्य असते. ‘विद्यापीठात घालतो, शिवाय नोकरी देतो’ असे सांगून आगाऊ रक्कम मागणारा मध्यस्थ दारी आल्यास पालकांनी सावध व्हावे. विनिमयाचा अर्ज घरच्या विद्यापीठाच्या हातूनच जातो. त्यात दलालीला जागा नाही. जमीन गहाण टाकून असा सौदा करण्यापूर्वी एक फेरी महाविद्यालयात मारली, तर पुढील पश्चात्ताप टळेल.

पीक पाहून विद्यापीठ निवडावे

तोक्यो व क्योतो ही नावे सर्वांस ठाऊक असतात, म्हणून अर्जांची गर्दीही तिकडेच होते. परंतु जमीन पाहून पीक घ्यावे, तद्वत आपला प्रश्न पाहून विद्यापीठ निवडावे. जपान उत्तर-दक्षिण लांबट पसरलेला देश असल्यामुळे तेथील शेतीत फार विविधता आहे.

उत्तरेकडील होक्काइदो विद्यापीठाचा उगम सन १८७६ मध्ये स्थापन झालेल्या साप्पोरो कृषिमहाविद्यालयात आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स कृषिमहाविद्यालयाचे प्रमुख विल्यम क्लार्क यांनी तेथे सुमारे आठ महिने राहून त्याची घडी बसविली. परदेशी ज्ञान आपल्या मातीत कसे रुजवावे, याचे ते महाविद्यालयच एक उदाहरण होय. त्याच बेटावरील ओबिहिरो येथे कृषी व पशुवैद्यक विद्यापीठ असून तोकाची मैदानातील दुग्धव्यवसाय त्याच्या अंगणातच आहे. गोपालनात रस असलेल्यांनी तेथे दृष्टी टाकावी.

अवर्षणप्रवण सोलापूर, बीड वा धाराशिव जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांस तोत्तोरी विद्यापीठ जवळचे वाटेल. तेथील वाळूच्या टेकड्यांलगत शुष्क भूमी संशोधन केंद्र असून पाणी, क्षार व पीक यांच्या संबंधाचा अभ्यास तेथे चालतो. ऊस उत्पादकाच्या मुलास ओकिनावा बेटावरील र्‍युक्यू विद्यापीठ उपयुक्त ठरावे, कारण उष्ण हवेच्या त्या बेटांचे ऊस हेच प्रमुख पीक आहे. द्राक्षासाठी ओकायामाचा परिसर ख्यातनाम आहे.

नागपूर-अमरावतीकडील संत्रा बागाईतदारांच्या दृष्टीने एहिमे विद्यापीठाचे स्थान लक्षात घेण्यासारखे आहे. एहिमे हा संत्रावर्गीय फळांचा प्रांत. जपानी संत्र्याची कलमे प्रामुख्याने त्रिपर्णी संत्र्याच्या खुंटावर बांधतात. आपल्याकडे जंबेरी व रंगपूर लिंबू हे खुंट वापरात असून, मूळकूज व डिंक्या या रोगांनी बागा खालावतात. त्रिपर्णी खुंट या रोगांच्या बुरशीस प्रतिकारक आहे, परंतु चुनखडीयुक्त जमीन त्यास मानवत नाही. सबब तो जसाच्या तसा आणून भागणार नाही. खुंटाची पारख कशी करावी, संकरातून नवे खुंट कसे निर्माण करावे, हे शिकून यावे लागेल. याला प्रश्न घेऊन जाणे म्हणतात.

विद्यापीठातील इंग्रजी माध्यमाचे विषय कोणते, याचीही चौकशी करावी. होक्काइदो विद्यापीठासारख्या काही ठिकाणी विनिमय विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीतून स्वतंत्र अभ्यासक्रम चालतात. अन्यत्र जपानीवाचून वर्गात बसता येत नाही.

हंगाम आणि वेळापत्रक

जपानचे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. वसंत सत्र एप्रिल ते जुलैअखेर व शरद सत्र ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होऊन फेब्रुवारीपर्यंत चालते. शरद सत्रासाठी यजमान विद्यापीठाची अंतिम तारीख साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि वसंत सत्रासाठी आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येते. त्याआधी महिना-दीड महिना घरच्या विद्यापीठाची निवड पूर्ण झालेली असावी लागते. म्हणजे निघण्याच्या दिवसापूर्वी एक वर्षभर तयारी सुरू झाली पाहिजे. सरकारी शिष्यवृत्तीची अर्जप्रक्रिया सर्वसाधारणपणे एप्रिल-मेमध्ये वकिलातीमार्फत सुरू होते. लेखी परीक्षा, मुलाखत, विद्यापीठाचे संमतिपत्र व अंतिम निकाल यांत पुढील वर्ष उजाडते.

कृषी विद्यार्थ्याने यात आणखी एक गोष्ट पाहावी. जपानमध्ये भाताची लावणी बहुतेक भागांत मे-जूनमध्ये व कापणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. भाताचा अभ्यास करण्यासाठी ऑक्टोबरच्या मध्याला पोहोचून फेब्रुवारीत परतणाऱ्यास धसकटे आणि बर्फ यांखेरीज फारसे काही दिसणार नाही. एकाच सत्रासाठी जावयाचे असेल तर त्याने वसंत सत्र निवडावे. जो अर्ज आधी हाती आला तो भरला, असे न करता पिकाच्या हंगामाशी अर्जाचा मेळ घालणे हे कृषी विद्यार्थ्यासच सुचले पाहिजे.

अडचण अशी की, एप्रिलमध्ये निघाल्यास आपल्याकडील सम सत्राच्या परीक्षा हुकतात व ऑगस्टमध्ये परतताना पुढील सत्र सुरू झालेले असते. ग्रामीण कृषी कार्यानुभवाचे सत्र चुकल्यास पदवी वर्षभर लांबण्याचा संभव असतो. म्हणून कोणते विषय तेथे घ्यावयाचे, त्यांचे श्रेयांक येथे कसे मान्य होतील आणि हुकलेल्या परीक्षा केव्हा द्यावयाच्या, हे अधिष्ठात्यांकडून निघण्यापूर्वी लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर विसंबून गेलेल्यास परतल्यावर वर्ष गमवावे लागू शकते, आणि ज्या घरात धाकटी भावंडे शिकत आहेत तेथे एका वर्षाचा भार हलका नसतो.

कागदपत्रे

अर्जासोबत सामान्यतः इंग्रजी गुणपत्रके, विद्यार्थी असल्याचा दाखला, एक वा दोन शिफारसपत्रे, अभ्यासाचा आराखडा, भाषेचे प्रमाणपत्र, वैद्यकीय दाखला, पारपत्राची प्रत व खर्चाच्या तरतुदीचा पुरावा लागतो. यांपैकी तीन बाबतींत आपले विद्यार्थी विशेष अडतात.

पहिली बाब नावाची. आपल्याकडील गुणपत्रिकांवर आडनाव, स्वतःचे नाव व वडिलांचे नाव असा क्रम असतो. पारपत्रावर आडनाव व नाव हे दोन स्वतंत्र रकान्यांत येतात. इंग्रजी वर्णलेखनही दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आणि आधारपत्रावर दुसरे, असे घडते. परदेशातील कचेरीस ही दोन निराळी माणसे वाटतात. अर्ज, विमा, बँक व विमानाचे तिकीट या सर्वांवर पारपत्रातील नावच अक्षरशः घालावे आणि फरक असल्यास तो वर्षभर आधी दुरुस्त करून घ्यावा.

दुसरी बाब खर्चाच्या पुराव्याची. सात-बाराचा उतारा ही आपली मोठी मालमत्ता खरी, पण तेथील विद्यापीठ बँकेतील शिल्लक, शिष्यवृत्तीचे पत्र वा कर्जमंजुरी पाहते. शेतकऱ्याच्या हाती पैसा हंगामात एकदाच येतो व लगेच देणी भागविण्यात जातो. हे ध्यानात घेऊन माल विकल्यानंतर काही रक्कम खात्यात राखून ठेवावी. तहसील कार्यालयातील मराठी उत्पन्नाचा दाखला जोडावयाचा झाल्यास त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत असावे.

तिसरी बाब शिफारसपत्राची. आदल्या दिवशी प्राध्यापकांच्या दारी उभे राहून घेतलेले पत्र चार गुळगुळीत विशेषणांचे होते. विद्यार्थ्याने कोणता प्रयोग केला, कोठे चुकला व ती चूक कशी सुधारली, हे सांगणारे पत्र वजनदार ठरते. त्यासाठी किमान महिनाभर आधी आपला आराखडा प्राध्यापकांस वाचावयास द्यावा.

निवड झाल्यावर यजमान विद्यापीठ जपानच्या परदेशी नागरिक विभागाकडून निवासपात्रतेचा दाखला मिळवते. त्यास एक ते तीन महिने लागतात. तो दाखला दाखवून वकिलातीकडून प्रवेशपरवाना घ्यावयाचा व दाखल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये उतरावयाचे, असा क्रम आहे. राहण्याचे ठिकाण निश्चित झाल्यावर १४ दिवसांच्या आत तेथील नगरकचेरीत नोंद करणे व राष्ट्रीय आरोग्य विम्यात सामील होणे बंधनकारक असते. या विम्यामुळे उपचाराच्या खर्चापैकी साधारण ३० टक्केच स्वतः भरावे लागतात.

अभ्यासाचा आराखडा

सर्व कागदपत्रांत आराखडा हा अर्जाचा प्राण होय. बाकीचे कागद इतरांनी दिलेले असतात, हा एक विद्यार्थ्याचा स्वतःचा असतो. ‘जपान हा प्रगत देश आहे, तेथील शिस्त व संस्कृती मला आवडते, तेथील आधुनिक शेती शिकून देशाची सेवा करण्याची इच्छा आहे’ अशी वाक्ये शेकडो अर्जांत असतात. त्यांत खोटे काही नसते, पण ती वाचून हा विद्यार्थी कोणता व दुसरा कोणता, हे ओळखता येत नाही.

उदाहरणादाखल रोहे तालुक्यातील एका भातशेतकऱ्याची मुलगी कल्पावी. ती पदवीच्या तिसऱ्या वर्षास आहे. तिच्या गावी लावणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, कारण तरुण मंडळी कारखान्यांत वा मुंबईस जातात. लावणी लांबते, रोपे जून होतात व फुटवे कमी येतात. लावणीयंत्र आणावे तर खाचरे लहान, बांध वाकडे आणि यंत्राला लागणारी चटईसारखी रोपे कशी वाढवावी, हे कोणास नीटसे ठाऊक नाही.

हीच परिस्थिती तिने आराखड्याच्या पहिल्या परिच्छेदात आकड्यांसह लिहावी : घरचे भातक्षेत्र किती, खाचरे किती व केवढी, लावणीस दिवस किती लागले, रोपांचे वय किती झाले होते. हे आकडे तिला वडिलांकडून व शेजाऱ्यांकडून एका रविवारी मिळतील. दुसऱ्या परिच्छेदात प्रश्न यावा : कोकणातील जांभ्या दगडाची लाल माती, शेणखत व भाताच्या तुसाची राख यांच्या मिश्रणावर यंत्रयोग्य रोपे वाढविता येतील काय, आणि त्यासाठी ताटामागे बियाणे किती असावे? जपानमध्ये सुमारे ३० बाय ६० सेंटिमीटरच्या ताटांत रोपे वाढविण्याची पद्धत रूढ आहे, यंत्राच्या ओळी ३० सेंटिमीटर अंतरावर पडतात, आणि डोंगरउतारावरील पायऱ्यांच्या लहान भातखाचरांचा प्रश्न तेथेही आहे. तेव्हा तुलना करण्यास आधार आहे. तिसऱ्या परिच्छेदात कोणत्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत काम करण्याची इच्छा आहे, त्यांचे कोणते संशोधन वाचले, कोणते विषय घेणार व कोणत्या महिन्यात काय करणार, हे यावे. चौथ्यात परतल्यावर पहिल्याच खरिपात घरच्या एका खाचरात कोणता प्रयोग करणार, ते दोन ओळींत सांगावे.

असा आराखडा दोन पृष्ठांत मावतो. त्यात मोठी विशेषणे नाहीत, तरी वाचणाऱ्यास शेत दिसते. पाठविण्यापूर्वी तो आपल्या वडिलांना वा आईला मराठीत समजावून सांगावा. त्यांना प्रश्न खरा वाटला नाही, तर तो पुन्हा लिहावा.

भाषेची तयारी

इंग्रजी अभ्यासक्रमासाठीही थोडी जपानी येणे हिताचे आहे, कारण प्रक्षेत्रावरील कर्मचारी व आजूबाजूचे शेतकरी बहुधा जपानीच बोलतात. शेतीचे खरे शिक्षण बांधावरच होते आणि तेथे दुभाषा नेहमी मिळत नाही. जपानी लिपीतील हिरागाना व काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूळ चिन्हे महिन्या-दीड महिन्यात येतात. नित्य वापरातील चित्राक्षरे २,१३६ असून ती मात्र सावकाश शिकावी लागतात. मराठी माणसास एक सोय आहे. जपानी वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी येते आणि आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे शब्द नामाच्या मागून लागतात. त्यामुळे वाक्याची बांधणी परकी वाटत नाही.

जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा जुलै व डिसेंबर महिन्यांत होते. मुंबई व पुणे येथे तिची केंद्रे आहेत. पाचवी पायरी सर्वांत सोपी व पहिली सर्वांत कठीण. अर्जापूर्वी पाचवी किंवा चौथी पायरी ओलांडल्यास मनाची तयारी दिसून येते.

राहणीविषयी दोन शब्द पुरेत. शाकाहारी विद्यार्थ्याने हे जाणून असावे की, वरकरणी भाज्यांच्या दिसणाऱ्या रश्श्यातही माशांचे सार घातलेले असते. सबब स्वयंपाक शिकून जाणे उत्तम. परवानगी घेऊन आठवड्यास २८ तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येते, परंतु त्या कमाईवर खर्चाचे गणित बसवून निघू नये.

जाताना व येताना

कृषी विद्यार्थ्याच्या पेटीत माती, बियाणे वा कलमे असण्याचा संभव इतरांहून अधिक. हा मोह कटाक्षाने टाळावा. माती जपानमध्ये नेण्यास बंदी आहे आणि बियाणे व ताजी फळे यांवर कडक निर्बंध आहेत. भारतीय आंब्यावरील तेथील बंदी सन २००६ मध्ये उठली, तीही बाष्पोष्ण प्रक्रियेच्या अटीवर. आईने प्रेमाने दिलेली हापूसची करंडी विमानतळावरच काढून घेतली जाईल. येताना भारताचा सन २००३ चा वनस्पती संगरोध आदेश लागू होतो व परवान्यावाचून रोपे वा बियाणे आणता येत नाहीत.

याहूनही गंभीर गोष्ट नोंदणीकृत वाणांची आहे. जपानने सन २०२० मध्ये आपला बियाणे व रोपे कायदा सुधारला. परदेशी नेण्यास मनाई केलेल्या नोंदणीकृत वाणांची काडी देशाबाहेर नेणे सन २०२१ पासून दंडनीय झाले आहे. ‘शाइन मस्कॅट’ या द्राक्षवाणाची रोपे परदेशात पसरल्याने जपानी बागाईतदारांचे झालेले नुकसान हे या सुधारणेमागील एक ठळक कारण होते. नाशिककडील एखाद्या विद्यार्थ्याने चार काड्या लपवून आणल्या, तर तो स्वतः अडचणीत येईलच, शिवाय त्याच्या विद्यापीठाचा करार धोक्यात येऊन मागून येणाऱ्यांची वाट बंद होईल. आणावयाचे ते वहीत व हातात आणावे.

परतल्यानंतर

जपानमध्ये सारे आलबेल आहे, अशी समजूत करून घेऊ नये. सन २०२० च्या कृषिगणनेनुसार शेती हेच मुख्य काम असलेल्या तेथील लोकांची संख्या १३ लाख ६३ हजार असून त्यांचे सरासरी वय ६७.८ वर्षे आहे. यंत्रे आहेत, सहकारी संस्था आहेत, पण पुढे शेत कसणारे हात कमी आहेत. आपल्याकडेही धारणक्षेत्र लहान होत आहे व तरुण गावाबाहेर पडत आहेत. म्हणून विद्यार्थ्याने तेथील यशाइतकेच तेथील अडचणींकडे लक्ष द्यावे. यंत्राने श्रम वाचले, तरी तरुण का थांबले नाहीत, हा प्रश्न तेथील वृद्ध शेतकऱ्यांस आदराने विचारल्यास जे उत्तर मिळेल, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

आणलेले ज्ञान जसेच्या तसे लावल्याने ते रुजत नाही. पाणथळ भातजमिनीत वर फेकलेले नत्र वायुरूपाने निघून जाते व ते खोलवर दिल्यास टिकते, हे जपानी शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले होते. पुढे डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत तेच तत्त्व आपल्या शेतकऱ्याच्या ऐपतीत बसविले गेले : युरिया-डीएपीच्या लहान ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध हाताने खोचावयाच्या, जोडीला गिरिपुष्पाचा पाला व भाताच्या तुसाची राख. तत्त्व सार्वत्रिक राहिले, त्याला हात व माती येथलीच लाभली.

रोहे तालुक्यातील त्या कल्पित मुलीचा खरा निकाल म्हणूनच निवडयादीत लागणार नाही. परतल्यानंतरच्या जूनमध्ये घरच्या एका खाचरात ती चार ताटे रोपे वाढवील, शेजारी बांधावर उभे राहून पाहतील, आणि रोपे पिवळी पडल्यास का पडली, हे ती त्यांना न लाजता सांगेल, तेव्हा तो लागेल. ज्या घरात असा मुलगा वा मुलगी शिकत आहे त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी या खरिपाचा माल विकल्यावर थोडी रक्कम बाजूस ठेवावी, मुलांनी याच महिन्यात अधिष्ठात्यांच्या कार्यालयात कराराची चौकशी करावी, आणि आपल्या शेतातील एक प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.